रोहिणी हट्टंगडी : एका अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा अभ्यास

घटकाची उद्दिष्टे

हा घटक वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- रोहिणी हट्टंगडी यांच्या रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील कामाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
- दिल्लीतील नाट्यप्रशिक्षणाचा त्यांच्या अभिनयाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
- ‘साचेबद्ध भूमिका’ ही संकल्पना उदाहरणांसह समजावून देता येईल.
- एखाद्या कलावंताच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना कौशल्य आणि संधी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतील.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, १९८४ साली महेश भट्ट यांचा ‘सारांश’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईच्या शिवाजी पार्क भागात राहणाऱ्या प्रधान या वृद्ध मराठी दांपत्याची ही गोष्ट आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा न्यूयॉर्कमध्ये मारला गेला आहे आणि आता पुढचे आयुष्य कशासाठी जगायचे, हा प्रश्न दोघांपुढे आहे. चित्रपट पाहताना निवृत्त शिक्षक प्रधान आणि त्यांची पत्नी पार्वती आपल्याला साठीच्या पुढचे वाटतात. प्रत्यक्षात प्रधानांची भूमिका करणारे अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आत होते आणि पार्वतीची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांनी पस्तिशी ओलांडलेली नव्हती. दोघांचेही शिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात झालेले होते.

आता पुढे काय झाले ते पाहा. याच चित्रपटानंतर खेर यांना वडिलांच्या भूमिका मिळाल्या, पण १९८६ च्या ‘कर्मा’मध्ये त्यांना खलनायकही करायला मिळाला आणि विनोदी भूमिकांचा मार्गही खुला झाला. हट्टंगडी यांना मात्र हिंदी चित्रपटांत प्रामुख्याने आईच्या भूमिका मिळत गेल्या. प्रशिक्षण सारखे, चित्रपट तोच, वय वाढवून दाखवण्याची करामतही सारखीच. मग पुढचा रस्ता वेगळा का झाला?

या घटकात आपण याच प्रश्नाच्या आधारे हट्टंगडी यांची कारकीर्द समजून घेणार आहोत. केवळ चित्रपटांची आणि पुरस्कारांची यादी पाठ करणे हा आपला हेतू नाही. कलावंताला काय करता येते आणि त्याला काय करायला मिळते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवून पुढचे विवेचन वाचा.

२. दिल्लीतील प्रशिक्षण (१९७१ ते १९७४)

रोहिणी ओक (लग्नाआधीचे नाव) या मूळच्या पुण्याच्या. १९७१ मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे ज्याला सगळे ‘एनएसडी’ म्हणतात त्या संस्थेत प्रवेश घेतला. ही संस्था १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली सुरू झाली होती. १९६२ पासून १९७७ पर्यंत तिचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. अल्काझींचा जन्मही पुण्याचाच.

अल्काझींच्या काळातील शिक्षणाची काही वैशिष्ट्ये आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे संपूर्ण नाटकाचे शिक्षण. अभिनय शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा आणि प्रकाशयोजना यांची कामे करावी लागत. त्यामुळे साडीचे कापड किती जड आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, केस पांढरे केल्यावर चेहऱ्याच्या कोणत्या रेषा दाखवाव्या लागतात, हे नटाला स्वतःला कळत असे.

दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. विद्यालयातील प्रयोग प्रामुख्याने हिंदीत होत. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आपली मातृभाषा बाजूला ठेवून काम करावे लागे. मराठी मुलीसाठी हिंदी काही परकी नव्हे, पण रंगमंचावर उच्चारायची हिंदी ही वेगळीच शिस्त आहे. हट्टंगडी यांनी पुढे मराठी आणि हिंदीबरोबर इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळम चित्रपटांतही काम केले, हे येथे लक्षात घ्या.

तिसरे वैशिष्ट्य शैलींच्या विविधतेचे. विद्यालयात वास्तववादी नाटकांबरोबर पारंपरिक नाट्यप्रकारही बसवले जात. विद्यार्थिनी असताना हट्टंगडी यांनी जपानी काबुकी शैलीतील ‘इबारागी’ या नाटकात आणि कर्नाटकातील यक्षगान शैलीतील प्रयोगात काम केले. शास्त्रीय नृत्याचे शिक्षणही त्यांनी घेतले होते.

या तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबू या. काबुकी आणि पारंपरिक यक्षगान या दोन्ही प्रकारांत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत आले आहेत. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांची परंपरा आपल्याला माहीत आहेच. ज्या नाट्यप्रकारात पुरुष स्त्री साकारतो, तेथे ‘स्त्री असणे’ हे नटाच्या देहातून आपोआप येत नाही. ते चालीतून, खांद्यांच्या ठेवणीतून, पाऊल किती उचलायचे आणि शरीराचा भार कोठे ठेवायचा यातून उभे करावे लागते. अशा शैलीत काम करणाऱ्या विद्यार्थिनीला एक गोष्ट फार लवकर उमगते. जे लिंगाबाबत खरे आहे ते वयाबाबतही खरे आहे. म्हातारपण म्हणजे पांढरा टोप नव्हे. बसलेली व्यक्ती उठताना आधी हात कोठे टेकते, हाक ऐकल्यावर मान किती उशिरा वळते, एका वाक्यात श्वास किती वेळा घेतला जातो, यातून प्रेक्षकाला वय कळते. ‘सारांश’मधील पार्वतीची मुळे आपल्याला या शिक्षणात शोधता येतात.

नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हे या काळात विद्यालयात त्यांना एक वर्ष पुढे होते. जयदेव हट्टंगडी हे दिग्दर्शनाचे विद्यार्थी त्यांच्याच वर्गात होते. पुढे रोहिणी आणि जयदेव यांनी लग्न केले. १९७४ मध्ये दोघांचे शिक्षण पूर्ण झाले.

तुम्ही दिल्लीत किंवा आसपास शिकत असाल तर मंडी हाउस मेट्रो स्थानकातून बाहेर पडून भगवानदास मार्गावर एकदा जाऊन या. विद्यालय आजही तेथे बहावलपूर हाउसमध्ये आहे.

३. रंगभूमी आणि समांतर चित्रपट

शिक्षणानंतर हट्टंगडी दांपत्य मुंबईत आले आणि प्रायोगिक मराठी रंगभूमीवर काम करू लागले. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी सुरू केलेल्या ‘आविष्कार’ या संस्थेशी त्यांचा जवळचा संबंध आला. स्पॅनिश नाटककार लोर्का यांच्या ‘येर्मा’ या नाटकावर आधारलेले ‘चांगुणा’ जयदेव यांनी बसवले आणि त्यात रोहिणी यांची मुख्य भूमिका होती. मूल नसलेल्या, मुलासाठी तळमळणाऱ्या ग्रामीण स्त्रीची ही गोष्ट. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातही त्यांनी मुख्य भूमिका केली. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मराठी रंगमंचावर आणणारे हे नाटक होते. मित्रा ही भूमिका कोणत्याही साच्यात बसणारी नाही, हे नोंदवून ठेवा. पुढे आपल्याला याची गरज पडेल.

याच काळात हिंदीत समांतर चित्रपटाची चळवळ जोरात होती. कमी खर्चात, प्रसिद्ध तारे न घेता, सामाजिक वास्तवाशी जोडलेले चित्रपट काढले जात होते. अशा चित्रपटांना भूमिकेचा अभ्यास करणारे आणि ताऱ्याचा बडेजाव नसलेले नट हवे होते. दिल्लीच्या विद्यालयात शिकलेल्या नटांना येथे आपोआप जागा मिळाली. सईद मिर्झा यांच्या १९७८ च्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’पासून हट्टंगडी यांचा चित्रपटप्रवास सुरू झाला. त्यानंतर १९८१ मध्ये रवींद्र धर्मराज यांचा ‘चक्र’ आला.

मात्र या चित्रपटांतून मिळणारे मानधन तुटपुंजे होते आणि प्रायोगिक नाटकातून तर जवळपास काहीच मिळत नसे. कलात्मक समाधान आणि घरखर्च यांतील हे अंतर समजून घेतल्याशिवाय पुढच्या निवडी समजणार नाहीत.

४. कस्तुरबा

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटाचे चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ या काळात झाले. गांधींच्या भूमिकेत बेन किंग्जले आणि कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या.

या चित्रपटाचा आकार किती मोठा होता याची कल्पना येण्यासाठी एकच दृश्य पाहू. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर झाले. प्रत्यक्ष अंत्ययात्रा निघाली होती तिला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षे पूर्ण होत होती. तीन लाखांहून अधिक लोक या दृश्यात सहभागी झाले. चित्रपटात मात्र ते दोन मिनिटांच्या आसपासच दिसते.

एवढ्या भव्य चित्रपटात कस्तुरबांचे काम नेमके उलट आहे. महात्म्याला घरातला माणूस म्हणून दाखवणे, हे काम पटकथेने त्यांच्यावर सोपवले आहे. तीन दृश्ये मुद्दाम पाहा.

पहिले दृश्य दक्षिण आफ्रिकेतील आश्रमाचे. सर्वांनी आळीपाळीने संडास साफ करायचा असा नियम आहे आणि कस्तुरबा त्याला नकार देतात. गांधी संतापून त्यांना ओढत बाहेर काढू लागतात, मग स्वतःच ओशाळतात. या दृश्यात हट्टंगडी आधी ताठ उभ्या आहेत. भांडण संपल्यावर त्या नियम पाळायला तयार होतात, पण त्यांच्या स्वरात शरणागती नाही. नवऱ्याचा राग आणि त्याची बाजू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण बाजू स्वीकारतो आहोत, राग नव्हे, असा तो भाव आहे.

दुसरे दृश्य हलकेफुलके. उतारवयातले पतिपत्नी एका अमेरिकी पत्रकाराला आपल्या लग्नाचे विधी करून दाखवतात. येथे त्यांच्या चेहऱ्यावर बालवयात लग्न झालेली मुलगी आणि वृद्ध पत्नी एकाच वेळी दिसतात.

तिसरे दृश्य पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथे बंदिवासात झाले. या दृश्यात हट्टंगडी जवळपास काहीच करत नाहीत. सगळे सांगण्याचे काम शेजारी बसलेल्या किंग्जले यांच्याकडे सोपवून त्या दृश्यातून मागे सरतात. सहअभिनेत्याला जागा देणे हाही अभिनयाचाच भाग आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला तरुण पत्नी आणि शेवटी सत्तरीच्या पुढची स्त्री, असा जवळजवळ अर्धशतकाचा प्रवास त्यांना करायचा होता. तेव्हा त्यांचे स्वतःचे वय तिशीच्या आसपास किंवा त्याहून कमीच होते.

१९८३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. हा पुरस्कार त्या वर्षी दोघींना विभागून दिला गेला. दुसऱ्या मानकरी होत्या अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन. त्यांच्याविषयी आपण सातव्या भागात पाहू.

५. तीन चित्रपट, तीन स्त्रिया (१९८२ ते १९८४)

‘गांधी’नंतरच्या दोन-तीन वर्षांत हट्टंगडी यांचे हिंदीतील सर्वांत महत्त्वाचे काम झाले. त्यातील तीन भूमिका शेजारीशेजारी ठेवून पाहू.

*‘अर्थ’ (१९८२).* महेश भट्ट यांच्या या चित्रपटात त्यांनी मोलकरणीची भूमिका केली आहे. मुलीला चांगल्या शाळेत घालण्यासाठी ती पैसे साठवते आणि नवरा ते उधळतो. शेवटी तिच्या हातून नवऱ्याचा खून होतो. तिच्या मुलीला नायिका पूजा, म्हणजे शबाना आझमी, आपल्याजवळ घेते. पूजा मध्यमवर्गीय आहे, तिच्याजवळ नवऱ्याला सोडण्याचा पर्याय आहे. मोलकरणीजवळ तो नाही. भूमिकेचा वेळ कमी असला तरी चित्रपटाच्या शीर्षकाला अर्थ देण्यात तिचा मोठा वाटा आहे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

*‘पार्टी’ (१९८४).* महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी केलेला चित्रपट. एका श्रीमंत बाईंच्या घरी साहित्यिकाच्या सन्मानार्थ मेजवानी आहे आणि रात्र चढत जाते तसे सगळ्यांचे मुखवटे गळून पडतात. सत्कारमूर्ती दिवाकर बर्वे यांची भूमिका मनोहर सिंग यांनी केली. तेही दिल्लीच्या विद्यालयाचेच. त्यांच्याबरोबर राहणारी, दारूच्या आहारी गेलेली अभिनेत्री मोहिनी ही हट्टंगडी यांची भूमिका. येथे अडचण दुहेरी आहे. जी बाई स्वतः नटी आहे आणि खोटेपणाने वागते आहे, तिचा खोटेपणा खरा वाटला पाहिजे. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

*‘सारांश’ (१९८४).* पार्वती श्रद्धाळू आहे. घरात भाड्याने राहणारी तरुण मुलगी सुजाता गरोदर राहते, तेव्हा आपला मेलेला मुलगाच तिच्या पोटी परत येतो आहे, असे पार्वतीला वाटू लागते. ही समजूत आपल्याला पटत नाही, तरी तिचा राग येत नाही. कारण हट्टंगडी पार्वतीला भोळी दाखवत नाहीत. दुःख सहन होत नाही म्हणून माणूस ज्या गोष्टीला धरून राहतो, ती गोष्ट सोडायला सांगणे किती कठीण आहे हे त्या दाखवतात.

मोलकरीण, नटी आणि निवृत्त शिक्षकाची पत्नी. वर्ग वेगळा, वय वेगळे, बोलण्याची पद्धत वेगळी. या तीन भूमिका पाहिल्यावर या अभिनेत्रीला कोणतीही भूमिका देता येईल, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. हिंदी चित्रपटव्यवसायाने मात्र वेगळा निष्कर्ष काढला.

६. साचा कसा तयार होतो

‘साचेबद्ध भूमिका’ म्हणजे एका भूमिकेत यश मिळाल्यावर त्याच प्रकारच्या भूमिका पुन्हापुन्हा दिल्या जाणे. निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर यामागे सरळ हिशेब असतो. एखाद्या कलावंताने एक प्रकारची भूमिका उत्तम केली आहे हे सिद्ध झालेले असते, प्रेक्षकही ओळखतात, त्यामुळे जोखीम कमी होते. कस्तुरबा आणि पार्वती या दोन भूमिकांनी हट्टंगडी म्हातारी स्त्री उत्तम करतात, हे सिद्ध केले. ज्या कौशल्यामुळे त्यांचे नाव झाले, त्याच कौशल्याने त्यांचे दार अरुंद केले.

आता आकडे पाहू. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आईच्या भूमिकेत आहेत. प्रत्यक्षात बच्चन वयाने त्यांच्यापेक्षा बरेच मोठे आहेत. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मध्ये संजय दत्त त्यांचे चिरंजीव आहेत आणि दोघांच्या वयात एका दशकाचेही अंतर नाही. त्याच चित्रपटात त्यांचे पती झालेले सुनील दत्त मात्र १९२९ चे. तेलुगूतील ‘सीतारामय्यागारी मनवरालु’ (१९९१) मध्ये अक्किनेनी नागेश्वर राव त्यांचे पती आहेत. तेथेही अंतर पंचवीस वर्षांहून अधिक.

या उदाहरणांतून एक नियम दिसतो. व्यावसायिक चित्रपटात नायकाचे वय थांबते आणि त्याच्या भोवतीच्या स्त्रियांचे वय त्याच्या सोयीने ठरते. नायिका त्याच्यापेक्षा खूप लहान आणि आई त्याच्याच वयाची किंवा त्याच्याहून लहान. पस्तिशी ते पन्नाशीतील स्त्रीला, म्हणजे तिच्या स्वतःच्या वयाच्या स्त्रीला, कथेत जागाच उरत नाही. हा प्रश्न एका अभिनेत्रीचा नाही, कथा कोणाभोवती लिहिल्या जातात याचा आहे.

येथे एक आक्षेप तुमच्या मनात येईल. साचा एवढा पक्का होता तर त्यात अभिनेत्रीचे कर्तृत्व काय? यासाठी ‘अग्निपथ’मधील सुहासिनी पुन्हा पाहा. सुरुवातीला ती मांडवा गावातील शिक्षकाची तरुण पत्नी आहे. पतीच्या हत्येनंतर ती मुलांना घेऊन मुंबईला येते आणि मोठा झालेला मुलगा गुन्हेगार झाला आहे हे तिला मान्य नाही. हिंदी चित्रपटातील आई बहुधा रडते आणि क्षमा करते. ही आई क्षमा करायला तयार नाही आणि तिचा हट्ट तिच्या मृत पतीच्या तत्त्वांशी जोडलेला आहे. या भूमिकेसाठी त्यांना पुन्हा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. साचा तोच, पण आतले माणूस वेगळे.

साच्याला काही अपवादही होते. ‘चालबाज’ (१९८९) मध्ये त्यांनी पुतणीचा छळ करणारी काकू रंगवली आणि तेथे त्यांच्या जोडीला पुन्हा अनुपम खेर होते. ‘सारांश’मधील दुःखी दांपत्य पाच वर्षांत विनोदी खलदांपत्य झाले. मल्याळममध्ये ‘अच्युवेट्टन्टे वीडु’ (१९८७) या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. रंगमंचावर तर त्यांनी हा साचा मानलाच नाही. जयदेव यांनी दिग्दर्शित केलेले ‘अपराजिता’ हे एकपात्री नाटक त्यांनी केले. एकपात्री प्रयोगात भूमिका कोणाच्या नात्याने ओळखली जात नाही, कारण रंगमंचावर दुसरे कोणी नसतेच. २००४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

७. तुलनेसाठी : मॉरीन स्टेपलटन

ही परिस्थिती फक्त भारतीय चित्रपटापुरती आहे का? बाफ्टामधील हट्टंगडी यांच्या सहमानकरी मॉरीन स्टेपलटन यांचे उदाहरण पाहू.

स्टेपलटन यांचा जन्म १९२५ चा. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्या घडल्या आणि १९५१ मध्ये टेनेसी विल्यम्स यांच्या ‘द रोझ टॅटू’ या नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. पुढे दूरचित्रवाणीसाठी एमी आणि ‘रेड्स’ या चित्रपटासाठी ऑस्कर असे तिन्ही माध्यमांतील सर्वोच्च सन्मान त्यांनी मिळवले. एवढी तयारी असलेल्या या अभिनेत्रीने १९६३ च्या ‘बाय बाय बर्डी’ या चित्रपटात डिक व्हॅन डाइक यांच्या आईची भूमिका केली. व्हॅन डाइक यांचाही जन्म १९२५ चाच. आई मुलापेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी मोठी!

दोघींच्या कारकिर्दींतील साम्य स्पष्ट आहे. भक्कम रंगभूमी, चित्रपटात साहाय्यक भूमिका, अकाली आईपण, आणि तरीही तिन्ही माध्यमांत टिकून राहणे. देश आणि भाषा बदलल्या तरी व्यवसायाचा हिशेब बदलत नाही, असे यावरून म्हणता येते.

८. दूरचित्रवाणी : उतार की मध्यवर्ती जागा?

२००० च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या आणि रोज दाखवल्या जाणाऱ्या मालिकांचे युग आले. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. हट्टंगडी यांनी त्यात आशा देशमुख ही सासूची भूमिका केली. लगेच झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) आली. तिच्यात त्यांनी साकारलेल्या आजीला घरातील सगळे ‘आईआजी’ म्हणत, आणि प्रेक्षकही त्याच नावाने ओळखू लागले.

बाफ्टा मिळवलेल्या अभिनेत्रीने सासू-सुनेच्या मालिकेत बारा वर्षे घालवावीत का, हा प्रश्न अनेक समीक्षकांच्या मनात असतो. तो टाळण्याचे कारण नाही. उत्तर देण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहू.

विरोधी बाजू अशी. दैनंदिन मालिकेत रोज साधारण एका भागाएवढे चित्रीकरण करावे लागते. संवाद अनेकदा सेटवरच हाती पडतात. तालमीला वेळ नसतो. कथेचा शेवट कोणालाच माहीत नसतो, कारण प्रेक्षकसंख्या पाहून कथा वळवली जाते. ज्या नटाने भूमिकेचा आरंभ, मध्य आणि शेवट समजून काम करायला शिकले आहे, त्याला हे जाचक वाटणारच. शिवाय अशा मालिकांतील स्त्रिया बहुतेक घराच्या चार भिंतींत आणि नात्यांच्या चढाओढीत अडकलेल्या असतात.

आता दुसरी बाजू. चित्रपटात आई ही नायकाच्या गोष्टीतील एक पात्र असते. मालिकेत सासू ही गोष्टीच्या केंद्रस्थानी असते. निर्णय ती घेते, चुकते ती आणि पश्चात्तापही तिचाच असतो. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीला रोज अर्धा तास कथेच्या मध्यभागी ठेवणारे दुसरे कोणतेही माध्यम तेव्हा नव्हते. आर्थिक स्थैर्यही मालिकेमुळेच आले. आणि लेखन घाईचे असेल तेव्हा पात्राचे सातत्य सांभाळण्याची जबाबदारी नटावर येते. आशा देशमुख बारा वर्षे एकच व्यक्ती वाटली पाहिजे, हे काम लेखक बदलले तरी अभिनेत्रीलाच करायचे असते. दिल्लीत घेतलेले शिक्षण येथेही उपयोगी पडते.

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. या कारकिर्दीत सासूचे चार दिवस बारा वर्षे टिकले.

२०२३ मध्ये केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ हा मराठी चित्रपट आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट असून थोरली बहीण जया ही भूमिका हट्टंगडी यांची आहे. महाराष्ट्रात बायकांनी गटागटाने जाऊन हा चित्रपट पाहिला आणि तो सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी चित्रपटांत गणला गेला. मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांच्या गोष्टीला प्रेक्षक नसतो, हा निर्मात्यांचा जुना समज त्याने खोटा ठरवला. म्हणजे सहाव्या भागात पाहिलेला साचा प्रेक्षकांनी घातलेला नव्हता, तो व्यवसायाने गृहीत धरलेला होता.

९. मूल्यमापन

प्रस्तावनेतील प्रश्नाकडे परत येऊ. ‘सारांश’नंतर दोन कलावंतांचे रस्ते वेगळे का झाले? कौशल्यात फरक होता म्हणून नव्हे. पुरुष नटासाठी व्यवसायात वडील, खलनायक, विनोदी पात्र, पोलीस अधिकारी, पुढारी अशी अनेक दारे होती. स्त्रीसाठी नायिकेचे दार बंद झाले की बहुतेक आईचेच उघडे होते.

म्हणून एखाद्या अभिनेत्रीची कारकीर्द अभ्यासताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. तिला काय येत होते? तिला काय देऊ केले गेले? आणि जे दिले गेले त्यात तिने काय भर घातली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रंगभूमीवर सापडते, दुसऱ्याचे व्यवसायाच्या हिशेबात आणि तिसऱ्याचे प्रत्यक्ष दृश्यांत. फक्त पुरस्कारांची यादी पाहिली तर दुसरा प्रश्न सुटून जातो. फक्त अन्यायाची कहाणी सांगितली तर तिसरा सुटून जातो.

१०. थोडक्यात

- रोहिणी हट्टंगडी यांनी १९७१ ते १९७४ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले. शरीर आणि आवाजातून वय उभे करण्याचे त्यांचे कौशल्य या शिक्षणाशी जोडता येते.
- ‘गांधी’मधील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. ‘अर्थ’, ‘पार्टी’ आणि ‘सारांश’मधील भूमिकांतून त्यांचा आवाका दिसतो.
- व्यावसायिक हिंदी चित्रपटाने त्यांना आईच्या साच्यात बसवले. हा साचा वयावर नव्हे तर नायककेंद्री कथेवर उभा होता.
- दूरचित्रवाणीने मर्यादा घातल्या, पण प्रौढ स्त्रीला कथेच्या केंद्रस्थानीही आणले.

स्वाध्याय

१. ‘सारांश’ पाहा. पार्वती बसते, उठते आणि चालते अशी कोणतीही तीन दृश्ये निवडून, वय दाखवण्यासाठी शरीराचा वापर कसा केला आहे ते २०० शब्दांत लिहा.

२. ‘गांधी’मधील आश्रमाच्या दृश्यात कस्तुरबांचा नकार आणि होकार यांतील फरक स्पष्ट करा.

३. तुमच्या मातृभाषेतील चित्रपटांत आईच्या भूमिका करणाऱ्या एका अभिनेत्रीची निवड करा. तिच्या आणि पडद्यावरील मुलांच्या वयांची तुलना करून तक्ता तयार करा. त्यावरून कोणता नियम दिसतो?

४. ‘दैनंदिन मालिकेतील काम हे प्रशिक्षित नटाच्या दृष्टीने कलात्मक तडजोड आहे.’ या विधानाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी तीन मुद्दे लिहा आणि तुमचे मत मांडा.

५. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ स्त्रीशी बोला. तिला आवडलेली मालिकेतील एक स्त्री व्यक्तिरेखा कोणती आणि का, हे तिच्या शब्दांत नोंदवा. त्या नोंदीची या घटकातील आठव्या भागाशी सांगड घाला.